बारा फ्रँकचे बटाटे

इंटरलाकेन, जानेवारी

ती. आई-बाबांस,

पार्सल पोचलं. चकल्यांचा चुरा झालाय, पण दह्यात कालवून तोही संपला. मेतकूट मी कपाटात मागे लपवलंय. जावयांना सांगू नका. वॉशिंग मशीन थांबेपर्यंत लिहिते.

आई, टीव्हीवर बर्फात कोसळलेला माणूस बघून तू फोन केलास. अगं, तो शर्यतीतला खेळाडू, आपला चिन्मय नव्हे! ती लाउबरहॉर्नची स्कीइंगची शर्यत, वेंगेन गावात १९३० पासून चालू आहे. उतार जवळजवळ साडेचार किलोमीटर, विश्वचषकातला सगळ्यांत लांब. वाटेत आगगाडीच्या रुळांखालूनही जातो. २०१३ मध्ये योहान क्लारे हा फ्रेंच गडी तिथे ताशी १६१.९ किलोमीटरने सुटला होता. बाबा, घाटात तुमची लुना किती जायची? चिन्मय शिकतो पोरांच्या उतारावर, आणि बराचसा बसूनच खाली येतो.

आम्हीही शर्यत बघून आलो. वेंगेनला मोटार न्यायची नाही, असा नियम. ती खाली लाउटरब्रुनेनला ठेवायची. नुसती उभी राहण्याचे पैसे. मग दातेरी रुळांवरच्या गाडीने वर, तिचे पैसे. शर्यतीचं तिकीट वेगळं. आणि वर बटाट्याच्या तळलेल्या कापांची बशी बारा फ्रँक! एका फ्रँकचे शंभरावर रुपये होतात. ह्यांनी तिथेच हिशेब केला आणि चिन्मयला म्हणाले, ‘सावकाश चाव.’ मी आयगर शिखराकडे पाठ करून डब्यातले धपाटे काढले.

खेळाडू सुटला की लोक गाईंच्या मोठाल्या घंटा बडवतात. डोळे मिटले आणि शिमग्याची पालखी अंगणात आल्यासारखं वाटलं. डोळ्यांत पाणी का, असं ह्यांनी विचारलं, तर वारा फार आहे म्हटलं.

ते राहू दे. शकूआत्याने पुन्हा भाडेकरू घालवला? आता तिलाच कुणीतरी भाड्याने द्या. बंड्यासाठी ठरलेली मुलगी पुण्याची म्हणून मधूकाका रुसलेत, पण आमंत्रणपत्रिकेत आपलं नाव मोठं दिसलं की हसतील. लग्न मे महिन्यातच धरा, आंबेही मिळतील. कलमांना मोहर कसा आहे, ते कुणीच लिहीत नाही.

आणि बाबा टाकी साफ करायला शिडीवर चढले, हे मला शेजारच्या वहिनींकडून कळतं! आमच्याकडे घसरगुंडीवर जायलासुद्धा हेल्मेट घालतात. आई, शिडी वहिनींकडे नेऊन ठेव आणि टाकीला माणूस लाव. पैसे मी पाठवते. बटाट्यांपेक्षा स्वस्तच पडेल.

तुमची,
सुमी