चोर कुठे म्हणावं

डिसेंबर लागला की आमच्या नागपुरात दोन गोष्टींची आवक वाढते: तुरीच्या शेंगा आणि भाषणं. शेंगा काकू अंगणात सोलत बसल्या होत्या, हिवाळी अधिवेशनातली भाषणं काकांच्या टीव्हीवर चालू होती आणि मी कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून उभा होतो. हातात पोस्टाने आलेली नोटीस.

"काय झालं भाऊ? तोंड काहून असं पाडलं?"

म्हटलं, काकू, मागच्या रविवारी कॉलनीच्या सभेत मी आपल्या सेक्रेटरीला चोर म्हणालो. बोअरवेलची मोटर वर्षात तीनदा दुरुस्त झाली, तिन्ही वेळा बिल तेवढंच, आणि पाणी मात्र धारेधारेने. डोकं फिरलं, उभा राहिलो आणि बोलून गेलो. आता त्यांच्या वकिलाचं पत्र आलंय. पंधरा दिवसांत बिनशर्त लेखी माफी मागा, नाहीतर अब्रुनुकसानीचा दावा.

"बाप्पा! चोराले चोर म्हणायची बी चोरी का जी?"

"पुरावा आहे का म्हणावं त्याच्याकडे," आतून काकांचा आवाज आला. टीव्ही बारीक झाला आणि काका मफलर गुंडाळत बाहेर आले. काका म्हणजे विधानमंडळाचे निवृत्त प्रतिवेदक. सभागृहात मधोमध मांडलेल्या टेबलावर मान खाली घालून लघुलिपीत प्रत्येक शब्द टिपून घेणारी माणसं असतात ना, त्यांतले. तीस वर्षं आमदारांचं बोलणं लिहिलं, स्वतः एक शब्द बोलले नाहीत. तो अनुशेष आता भिंतीवर भरून काढतात.

"पुरावा नाही, संशय आहे," मी कबूल केलं. "पण काका, तुमच्या टीव्हीवरचा तो आमदार बघा. आत्ता पाच मिनिटांत त्याने मंत्र्याला तीनदा दरोडेखोर म्हटलं. मी तर साधा चोरच म्हणालो. त्याला नाही का येत नोटीस?"

"नाही येत. तो आत बोलतोय, तू बाहेर बोललास."

मग काकांनी खुर्ची भिंतीजवळ ओढली. आता अर्धा तास गेला, हे मी ओळखलं. काकूंनी शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवलं, म्हणजे बसल्या बसल्या मीही सोलाव्यात.

संसदेसाठी राज्यघटनेचं कलम 105, विधिमंडळासाठी 194. सभागृहात सदस्य जे काही बोलेल किंवा जे मत देईल, त्यासाठी त्याला कोणत्याही कोर्टात खेचता येत नाही. दिवाणी नाही, फौजदारी नाही. कुंपण आहे ते सभागृहाच्या आतलंच. हायकोर्ट-सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांच्या न्यायदानाची चर्चा करायची नाही, आणि सभागृहाने स्वतःसाठी केलेले नियम पाळायचे. ते मोडले तर अध्यक्ष बघून घेतील, कोर्ट नाही.

"पण म्हणजे काहीही बोललं तरी?"

"काहीही. आणि याचा निकाल कोणी दिला माहीत आहे? मॉरिस कॉलेजच्या पोराने."

काकांची ही लकब आहे. अर्धवट बोलायचं आणि थांबायचं. गोष्ट अशी की 1969 साली पुरीच्या शंकराचार्यांनी अस्पृश्यतेबद्दल जी विधानं केली, त्यांवर लोकसभेत जोरदार चर्चा झाली. सदस्य तोडून बोलले. शंकराचार्यांचे अनुयायी चिडले आणि त्यांनी दिल्ली हायकोर्टात सव्वीस हजार रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा ठोकला. प्रतिवादी कोण? लोकसभेचे तेव्हाचे अध्यक्ष संजीव रेड्डी, गृहमंत्री आपले यशवंतराव चव्हाण आणि आणखी काही खासदार.

"यशवंतरावांवर?" काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"यशवंतरावांवर. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. तिथे अनुयायांचे वकील म्हणाले, संरक्षण आहे ते कामाच्या बोलण्याला, विषय सोडून केलेल्या निंदेला नाही. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी 1970 साली सांगितलं, घटनेत 'काहीही' असा शब्द आहे, आणि काहीही म्हणजे सगळं. सभागृह भरलेलं होतं ना? कामकाज चालू होतं ना? मग झालं. हे हिदायतुल्ला शिकले मॉरिस कॉलेजात, नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्तीही होते. आणि आज त्याच मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर पोलीस कठडे लावून विधानभवनावरचे मोर्चे अडवतात. आतल्याने काहीही बोलावं, बाहेरच्याने तिथवर यावं आणि परत जावं."

हे शेवटचं वाक्य काका प्रत्येक हिवाळ्यात म्हणतात. मला दरवर्षी पटतं.

"मंग तो असंसदीय शब्द म्हणतात ते काय असते?" काकूंनी विचारलं. "रोज टीव्हीवर ऐकतो, शब्द काढून टाका, शब्द काढून टाका. काढून कुठं टाकता जी तुम्ही?"

काका हसले. कोर्ट हात लावत नाही, म्हणून मर्यादेचं काम अध्यक्षांच्या खुर्चीवर येतं. त्यांना एखादा शब्द सभागृहाला न शोभणारा वाटला तर तो कामकाजातून काढून टाकण्याचा आदेश ते देतात. छापील कार्यवाहीत तो दिसत नाही. "पण पूर्वी तरी त्याला अर्थ होता. गॅलरीतल्या चार-दोनशे माणसांनी ऐकलं, पत्रकारांना छापायची मनाई, संपलं. आता थेट प्रक्षेपण. अध्यक्ष 'काढून टाका' म्हणेस्तोवर तो शब्द भंडाऱ्याच्या पानठेल्यावर पोचलेला असतो. कागदावरून गेला, मोबाइलमध्ये राहिला."

मग गोडशांची गोष्ट निघाली. हिच्यासाठी मी काकांना शंभर तुरीच्या शेंगा सोलून द्यायला तयार आहे. लोकसभेच्या असंसदीय शब्दांच्या जाडजूड ग्रंथात 1956 पासून एक शब्द होता, 'गोडसे'. नथुरामामुळे. पुढे 2014 साली नाशिकहून शिवसेनेचे खासदार निवडून आले हेमंत गोडसे. सभागृहात शब्द वगळला जातो तो आपलं आडनाव आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पत्र लिहिलं की माझ्या घराण्याचं नाव असंसदीय कसं? तेव्हा अध्यक्ष होत्या सुमित्राताई महाजन, मूळच्या चिपळूणच्या. आडनावांचा मामला त्यांना वेगळा समजावून सांगायची गरज नव्हती. 2015 मध्ये त्यांनी दुरुस्ती केली: नुसतं 'गोडसे' चालेल, 'नथुराम गोडसे' नाही.

"म्हणजे तवर तो माणूस उभा राहून सोताचं नाव सांगे तं प्रतिवेदक काय लिहिणार? हेमंत, आणि पुढे तीन फुल्या?" काकू पदराने डोळे पुसत हसत होत्या.

2022 सालच्या यादीवरूनही असाच गहजब झाला होता. 'जुमलाजीवी', 'तानाशाही' असले शब्द त्यात होते. विरोधक म्हणाले, आमच्या तोंडचं सगळं भांडारच काढून घेतलं. अध्यक्ष ओम बिर्ला म्हणाले, बंदी कशावरच नाही, आधी कुठे कुठे जे वगळलं गेलं त्याची ही नुसती नोंद आहे. तांत्रिकदृष्ट्या दोघंही खोटं बोलत नव्हते. पण मला विचाराल तर शब्दांच्या याद्यांनी सभ्यता येत नाही. आमच्या मराठीत माणसाचं वाटोळं करायला शिवी लागतेच असं नाही, 'आपण फार थोर' एवढं पुरतं.

"एक शब्द मात्र वाचला होता," काका अचानक आवाज खाली आणून म्हणाले. "एक सदस्य, आपल्याच वऱ्हाडातले, रागाच्या भरात खास गावाकडचा शब्द बोलून गेले. मी लिहून घेतला. समोरच्या बाकांवर गोंधळ. पीठावर होते ते मुंबईकडचे. त्यांना तो कळलाच नाही. ज्यांना कळला ते अर्थ सांगायला लाजले. तालिकेवरच्या, म्हणजे अध्यक्षांच्या बदली खुर्चीवर बसणाऱ्यांपैकी, कोणी हळूच विचारलं, शेतीसंबंधी काही आहे का? म्हटलं, एका अर्थी हो. राहिला तो. अजून असेल छापलेला."

"कोणता जी?"

काकांनी काकूंच्या कानात सांगितला. काकू म्हणाल्या, "मायबाई," आणि सूप घेऊन आत गेल्या. मला सांगितला नाही.

बाहेर आल्या त्या चहा घेऊन, आणि भांडायच्या तयारीने. यवतमाळ माहेर त्यांचं. "तोंडाचं ठीक आहे. पन हात चालवते त्याचं काय? आमच्या यवतमाळचे जांबुवंतराव धोटे, विदर्भवीर. त्यांनी पेपरवेट भिरकावला होता ना अध्यक्षावर? बाळासाहेब भारदे होते खुर्चीवर."

"भारदेच. साठच्या दशकातली गोष्ट, माझ्या नोकरीच्या आधीची," काका म्हणाले. "सदस्यत्वच गेलं धोट्यांचं."

"आन मंग पोटनिवडणुकीत यवतमाळनं पुन्हा पाठवलं!" काकूंच्या चेहऱ्यावर अजून तो निकाल होता.

"ते बरोबरच झालं," काका म्हणाले. मला वाटलं चेष्टा करताहेत, पण नाही. "हाकललं तर जागा मोकळी होते. सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी लागते, लोक पुन्हा ठरवतात. खरा घोळ निलंबनात आहे."

इथे मला त्यांना थांबवायचं नव्हतं, कारण हा भाग मी पेपरात नुसता भांडण म्हणून वाचला होता. 5 जुलै 2021. मुंबईत दोन दिवसांचं पावसाळी अधिवेशन, ओबीसी आरक्षणाच्या ठरावावरून गदारोळ, अध्यक्षांच्या दालनात तालिका अध्यक्ष भास्कर जाधवांशी धक्काबुक्की आणि शिवीगाळ झाल्याचा आरोप. त्याच दिवशी भाजपचे बारा आमदार एका वर्षासाठी निलंबित. दालनात काय झालं यावर दोन बाजूंच्या दोन कहाण्या, तो वाद काकांनी बाजूला ठेवला. "मुद्दा वर्षाचा. निलंबित आमदाराची जागा मोकळी होत नाही, म्हणून पोटनिवडणूक नाही. आणि त्याला आत येता येत नाही, म्हणून मतदारसंघाला वाली नाही. बारा मतदारसंघ मुके. शिक्षा आमदाराला दिली आणि भोगायची मतदाराने."

सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2022 मध्ये हेच धरलं. न्यायमूर्ती खानविलकरांच्या पीठाने सांगितलं, निलंबन चालू अधिवेशनापुरतं, त्यापुढचं बेकायदा. हकालपट्टीपेक्षाही वाईट.

"म्हणजे कोर्ट सभागृहात घुसलंच की," मी म्हणालो.

"बोलण्यात नाही घुसलं. शिक्षेच्या लांबीत घुसलं. बहुमत ज्याच्याकडे त्याच्याच हातात शिस्तीची छडी. काल यांच्याकडे होती, आज त्यांच्याकडे. समज, दोन-चार मतांवर टिकलेलं सरकार आहे. बारा माणसं वर्षभर बाहेर काढली की ते आरामात टिकलं. 2023 च्या डिसेंबरात दिल्लीत दोन्ही सभागृहांतून मिळून एकशे शेहेचाळीस खासदार बाहेर होते, आणि फौजदारी कायद्यांची विधेयकं त्याच अधिवेशनात मंजूर झाली. तिथे प्रतिवेदकाला काम काय राहिलं? (अडथळा) असं लिहायचीसुद्धा सोय नाही."

मी म्हटलं, काका, तुम्ही गोंधळ घालणाऱ्यांच्या बाजूचे दिसता. यावर ते जरा रागावले. तीस वर्षं त्यांनी माणसं हौद्यात उतरलेली पाहिली, राजदंड पळवलेला पाहिला, कागद फाडून उधळलेले वेचले. "बोलणाऱ्यांच्या बाजूचा आहे. केरळात 2015 साली बजेटच्या दिवशी विरोधी आमदारांनी अध्यक्षांची खुर्ची व्यासपीठावरून खाली फेकली. पुढे तीच माणसं सत्तेत आली आणि सरकार म्हणालं, खटला मागे घेतो, तो आमचा विशेषाधिकार होता. सुप्रीम कोर्ट म्हणालं, मोडतोड म्हणजे भाषण नव्हे. आणि 2024 मध्ये सात न्यायाधीशांनी सांगितलं, पैसे घेऊन सभागृहात बोललास किंवा मत दिलंस तर 105 आणि 194 तुला वाचवणार नाहीत. दोन्ही निकाल आपल्या न्यायमूर्ती चंद्रचूडांनी लिहिलेले. जिभेला पूर्ण मोकळीक. मुठीला नाही आणि खिशाला नाही."

"आन बाहेर येऊन बोललं तं?"

"तर तो तुझ्या शेजाऱ्यासारखा. सभागृहाच्या दाराबाहेर पत्रकारांच्या माइकपुढे बोललास की 194 आत राहिलं. अबू आझमींचं मार्च 2025 मध्ये औरंगजेबावरून तेच झालं. बोलले बाहेर, गुन्हा बाहेर नोंदला आणि निलंबन आत झालं. दुहेरी भाडं."

ते मला जास्त वाटलं, असं मी म्हणालो. बाहेरच्या बोलण्याला बाहेरचा कायदा पुरेसा होता. काकूंना मात्र ते कमी वाटलं. यावर आमचं भिंतीवरून जे जुंपलं ते मी इथे देत नाही, कामकाजातून काढून टाकलं आहे.

शेवटी मी नोटीस पुन्हा उघडली. म्हटलं, माझं काय?

"माफी मागू नकोस, हिशोब माग," काका म्हणाले. "संस्थेचा सभासद आहेस, तिन्ही बिलांच्या प्रती मागायचा हक्क आहे तुला. सभागृहात कसं असतं, 'सन्माननीय सदस्य' म्हणायचं आणि मग कागद टेबलावर ठेवायचा. 'सन्माननीय सेक्रेटरींच्या बेरजेत काही नजरचूक दिसते,' एवढं म्हणाला असतास तर चाळीस माणसांना चोर ऐकू आलं असतं आणि वकिलाला काहीच नाही."

तेवढ्यात फाटक वाजलं. सेक्रेटरी स्वतः. हातात पावतीपुस्तक, बोअरवेलची मोटर पुन्हा जळाली होती, घरटी पाचशे रुपये. मला पाहून ते जरा थबकले. काकूंनी पदर सावरला आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या,

"या नं सन्माननीय! बसा. चहा घेता का आधी, का मोटरची जुनी तिन्ही बिलं घेऊन येता?"