सातबाराकाका

वसईच्या पट्ट्यात पापडीला जा, नंदाखालला जा, नाहीतर गिरीजला. प्रत्येक पॅरिशमध्ये एक सातबाराकाका असतोच. बाप्तिस्म्याचं नाव वेगळं असतं, पण ते चर्चच्या रजिस्टरात. गावात बोलताना सगळे सातबाराकाकाच म्हणतात, आणि काकांना त्यात कमीपणा वाटत नाही. उताऱ्यावर नाव असलेला माणूस, अजून काय पाहिजे?

काका मिस्सा चुकवत नाहीत. रविवारी पहिल्या मिस्सेला ठरलेल्या बाकावर, ठरलेल्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्याचा फेरफार अजून त्यांच्या नावावर झालेला नाही, एवढंच. दानाचंही धोरण पक्कं. पॅरिशच्या पत्रकात देणगीदाराचं नाव छापून येणार असेल तर हजार, झोळीत नुसतंच टाकायचं असेल तर दहा. उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू नये, हे त्यांना मान्य आहे. गावाला कळायला काय हरकत आहे?

काकांची पंचाईत होते ती वाचनांची. कॅथलिक रविवारांची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, आणि त्या चक्रात काही रविवार काकांना जड जातात. 2024 च्या ऑक्टोबरात श्रीमंत तरुणाचा उतारा येणार, हे त्यांनी दिनदर्शिकेत आधीच हेरलं आणि त्या रविवारी लेकीकडे बोरिवलीला गेले. तिथेही तोच तरुण तोंड पाडून परत निघाला होता, पाठोपाठ तोच उंट आणि तीच सुई. त्या रविवारी रोममध्येही तोच उतारा असतो, हे लेकीनं सांगितल्यावर काका म्हणाले, "मग तिकिटाचे पैसे फुकट गेले."

उंटावर मात्र त्यांच्याकडे उतारा आहे. जेरुसलेमला म्हणे 'सुई' नावाचं एक बुटकं दार होतं. रात्री मोठी वेस बंद झाली की उंटाला गुडघ्यांवर बसवून तिथून आत सरकवायचे. म्हणजे अवघड आहे, पण जमतं! असं दार कुणाला सापडलेलं नाही. हे स्पष्टीकरण मध्ययुगातल्या भाष्यांतून पुढे आलं आणि जगभरच्या सातबाराकाकांनी ते जिवापाड जपलं. दार जर बुटकंच होतं, तर ते ऐकून शिष्य एवढे हादरले का, आणि मग तरणार कोण असं विचारू का लागले? शिवाय त्या गोष्टीतही उंट आत घ्यायच्या आधी पाठीवरचं ओझं उतरवावं लागतं. काका तेवढा भाग गाळून सांगतात.

पुढच्याच वर्षी, 3 ऑगस्टला, लूकच्या शुभवर्तमानातला बारावा अध्याय आला. जुनी कोठारं पाडून मोठी बांधायला निघालेला आणि त्याच रात्री बोलावणं आलेला जमीनदार सगळ्यांना आठवतो. पण ही गोष्ट निघते कशावरून? गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा. हे वाक्य कानावर पडताच काका बाकावर ताठ झाले. शेजारच्याला कोपरानं ढोसून म्हणाले, "बघ! भाऊ तेव्हापासून असेच."

काकांच्या भावाचं प्रकरण वसई कोर्टात इतकी वर्षं चाललंय की दोघांचे पहिले वकील वारले. वाद आहे विहिरीकडच्या दोन गुंठ्यांचा. बहिणींचा वाद नाही. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती घरात मुलगा आणि मुलगी सारखेच वारस, हे काकांना कलमासकट पाठ आहे. पाठ आहे म्हणूनच त्यांनी वेळेत प्रत्येकीला एकेक साडी घेतली आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. साड्या चांगल्या होत्या, असं ते आजही सांगतात.

माणूस वाईट नाही हो. त्यांच्या आईनं केळी आणि भाजीच्या पाट्या पहाटेच्या लोकलनं दादरला नेऊन विकल्या. वाडीला पाणी शिंपताना काकांचं बालपण गेलं. बापाच्या वेळी वाडीचा हिशेब केळीच्या घडांत व्हायचा. मग इमारती विरारकडून सरकत आल्या आणि एकेका गुंठ्याचा आकडा ऐकून माणसं रात्री दचकून उठायला लागली. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईची हाक दिली, तेव्हा मोर्चात काका पुढच्या रांगेत होते, घोषणाही खणखणीत. आजही ते हिरव्या पट्ट्याच्या बाजूचेच आहेत. फक्त तो पट्टा भावाच्या वाडीतून जावा, एवढं त्यांचं म्हणणं.

ईस्टरच्या आधी ते पापनिवेदनाला जातात. राग आला, खोटं बोललो, एका शुक्रवारी मटण खाल्लं, सगळं सांगतात. लोभ त्या यादीत कधीच नसतो. नव्या फादरांनी एकदा दहाव्या आज्ञेची आठवण करून दिली. काका म्हणाले, "फादर, आज्ञा शेजाऱ्याच्या मालमत्तेबद्दल आहे. हा तर भाऊ आहे."

हे नवे फादर तरुण आणि वाचणारे. त्यांनी प्रवचनात चौथ्या शतकातला कैसरियाचा बिशप बासिल काढला. दुष्काळात धान्य दाबून बसणाऱ्यांना त्यानं धारेवर धरलं होतं. तुझ्या पेटीत पडून असलेला झगा उघड्या माणसाचा आहे, अशा अर्थाचं तो बोलला होता. काका अस्वस्थ झाले. घरी जाऊन त्यांनी खरंच कपाट उघडलं. मुलानं कुवेतहून पाठवलेले तीन कोट पिशवीसकट परत टांगले आणि कसर लागलेला चौथा पॅरिशच्या ऑफिसात नेऊन दिला. वर विचारलं, "याची 80 जी ची पावती मिळेल ना?"

संतांमध्ये त्यांची भक्ती गोन्सालो गार्सियावर. वसईत जन्मलेला, भारतातला पहिला संत, 1862 साली संतपदाला चढला. पण काकांना त्याचं खरं कौतुक वेगळंच. सोळाव्या शतकात आपला वसईचा पोरगा जपानला जाऊन व्यापार करतो आणि त्यात जम बसवतो! पुढे त्यानं तो चालता धंदा सोडून दिला, मनिलाला फ्रान्सिस्कन झाला आणि 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर गेला. हा भाग सुरू झाला की काकांचं लक्ष मांडवाच्या भाड्याकडे जातं. यंदाच्या सणाला मात्र फादरांनी धंदा सोडण्यावरच भर दिला, चांगला अर्धा तास. काका शेवटपर्यंत डोळे न मिटता ऐकत होते. फादरांना वाटलं, बाण लागला.

मिस्सा संपल्यावर काका सॅक्रिस्टीच्या दारात येऊन थांबले. इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला.

"फादर, तो जपानचा धंदा त्यानं सोडला, ते ठीक. पण वसईतल्या वारसांना काही कळवलं होतं का?"