शेवटचा ‘एस’ बजेटात बसेना

ऑनलाइन दुकान थाटणारी काही मंडळी बॅनरवर ‘१००% सुरक्षित खरेदी’ असं ठळक छापतात आणि साइट मात्र साध्या एचटीटीपीवर ठेवतात. ‘एचटीटीपीएस’मधला शेवटचा ‘एस’ बहुधा बजेटात बसत नसावा. खरं तर लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट २०१५ पासून फुकट देते आहे. त्यावर ठरलेलं उत्तर: पैसे बँकेच्या पानावर भरले जातात, ते सुरक्षित असतंच, मग आमच्या पानाला एवढं सोवळं कशाला? वरवर बिनतोड. पण बँकेकडे नेणारं बटण तुमच्याच उघड्या पानावर असतं. फुकट वायफायवर मध्येच ठाण मांडून बसलेला भामटा त्या बटणामागचा पत्ता बदलतो आणि गिऱ्हाईक हुबेहूब बँकेसारख्या पानावर कार्डाचा नंबर, सीव्हीव्ही, ओटीपी सगळं टाकून मोकळं होतं. सुरक्षा संशोधक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी २००९ सालीच याच जातीच्या हल्ल्याचं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं होतं.

दुसरा आक्षेप जरा शहाणा आहे: ‘एस’मुळे मिळणारं एन्क्रिप्शन तर ठगांच्या साइटलाही असतं. अगदी खरं. वाटेत कोणी डोकावणार वा ढवळाढवळ करणार नाही, एवढीच त्याची हमी. पलीकडचा सज्जन आहे, अशी नाही. लोकांचा हाच गैरसमज पाहून क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये ॲड्रेस बारमधलं ‘एस’ची खूण असलेलं कुलूप हटवलं. पण चोरही दाराला कडी लावतो म्हणून आपण दार सताड उघडं टाकायचं, हा न्याय अजब. तेव्हा ‘एस’ असला, तरी पाचशे रुपयांत पैठणी देणाऱ्या साइटच्या पत्त्यातलं स्पेलिंग अक्षर न् अक्षर तपासा. ‘एस’च नसेल, तर तेवढेही कष्ट घेऊ नका.