पड खाणार कोण?

मालवणात मासे सगळेच खातात, पड कोणी खात नाही. बांधावरचा माड कोणाचा, यावर दोन पिढ्या कोर्टात झिजतात आणि वकील कैफियतीत लिहितो : वादीचे म्हणणे प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. त्यात वकिलाचा दोष नाही. दिवाणी कायद्यात जे स्पष्ट नाकारले नाही, ते कबूल केले असे धरतात. म्हणून माड, बांध आणि जमल्यास वादीचा आजासुद्धा नाकारून ठेवलेला बरा.

ही कैफियत पुढे सरकारनेही उचलली. 4 डिसेंबर 2023 रोजी, नौदल दिनी, पंतप्रधानांनी मालवणच्याच राजकोट किल्ल्यावर अनावरण केलेला शिवरायांचा 35 फुटी पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी पडला. पुतळा पडला, पण पड खायला कोणी पुढे येईना. तेव्हाचे मुख्यमंत्री म्हणाले, वारा ताशी 45 किलोमीटरचा होता. श्रावणात मालवणला वारा सुटतो, हे मच्छीमारांना तेव्हाच कळले म्हणे! बांधकाममंत्री म्हणाले, नटबोल्ट गंजले होते, नौदलाला आधीच कळवले होते. शिल्पकार आणि सल्लागाराला अटक झाली. वारा अजून फरार आहे. समोरच्या समुद्रात 1664 साली पाया घातलेला सिंधुदुर्ग तोच वारा खात उभा आहे. 28 तारखेला राजकोटावर ठाकरे आणि राणे समर्थक समोरासमोर आले. तिथेही मागे कोण हटतो!

माफी मात्र भरपूर मिळाली. 30 ऑगस्टला पालघरला खुद्द पंतप्रधानांनी शिवरायांची माफी मागितली. पण माफी वेगळी, कबुली वेगळी. माफी महाराजांकडे मागता येते; नेमके काय चुकले आणि कोणाचे, ते लोकांना सांगावे लागते.

आपणही फार हसू नये. देवळातल्या गाऱ्हाण्यात 'काय चुकला माकला असात तर पोटात घाल' म्हणताना कोणाचे चुकले ते गुलदस्त्यातच राहते आणि सगळा गाव 'होय म्हाराजा' म्हणून मोकळा होतो. 'बांध मीच सरकवलंय, म्हाराजा' असे गाऱ्हाणे अजून कोणी घातलेले नाही.

11 मे 2025 रोजी राजकोटावर त्याच जागी 60 फुटी पुतळा उभा राहिला. आनंद आहे. फक्त यापुढे प्रत्येक कोनशिलेवर 'यांच्या शुभहस्ते'च्या खाली आणखी एक ओळ आधीच कोरून घ्यावी : 'पडल्यास यांच्यामुळे'. नाव तेच. मग अनावरणाला किती पाहुणे वेळ काढतात, ते बघू.