नाव बदललं, घेर तोच

2024 मध्ये जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर झालं, पण आमच्या सावेडीतल्या पन्नाशीकरांची पोटं जुन्याच वेगाने हद्दीबाहेर सरकताहेत. दोष कुणाला द्यायचा? 1950 साली प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तेव्हापासून जिल्हा साखरेवर उभा आहे आणि आम्ही बसून.

पहाटे भुईकोट किल्ल्याला एक फेरी, मग तर्रीदार मिसळ, वर दोन पाव जास्तीचे. चहावाल्याला मात्र बजावून सांगायचं, ‘साखर कमी बरं का!’ पुरुषांची कंबर 90 सेंटीमीटरच्या आत हवी, म्हणतात. फीत लावताना श्वास आत ओढला की आमचीही बसते, जवळपास.

डॉक्टर म्हणाले, नुसतं पोट वेगळं उतरत नाही. चाळिशीनंतर स्नायू झिजतात, तेव्हा वजन उचला, डाळी-अंडी खा. 2025 ची महाराष्ट्र केसरी इथंच झाली, तेव्हा आम्ही खुर्चीतून एकेक डाव सुचवला होता. वजन उचलणं काय अवघड?

हिने ऐकलं. ‘तीस किलो गहू दळायचाय,’ म्हणाली.

मी स्कूटरची किल्ली शोधतोय.