गोळीची पोच

२०१७ साली अमेरिकेने मान्यता दिलेल्या गोळीचे करावे तेवढे कौतुक थोडेच. आत वाळूच्या कणाएवढा सेन्सर. त्याच्या तांबे-मॅग्नेशियमला जठररस लागला की अंगावरच्या पट्टीला संदेश, पट्टीकडून मोबाइलला: ‘गोळी पोहोचली.’ रुग्णाच्या शब्दावर विसंबण्याचा मागासलेपणा संपला.

छत्रपती संभाजीनगरात ही सोय तातडीने यावी. पुढे इथल्या खास नान-खलियातही सेन्सर घालावा. रात्रीचे जेवण सकाळी डॉक्टरांकडे आपणहून हजेरी लावील.

अडचण किरकोळ आहे. गोळी पाण्याबरोबर घ्यायची असते. जायकवाडी धरण काठोकाठ भरले तरी आमच्या नळांना आठ-आठ दिवस वाट पाहण्याची जुनी सवय. तेव्हा पहिली गोळी जलवाहिनीलाच द्यावी. काही पोहोचलेच, तर मोबाइलवर कळेल.