अर्धा किलोचा प्रश्न

आमच्या यवतमाळात रोड बाईक घेणाऱ्याची झोप एकाच प्रश्नाने उडते: शिमानोचा 105 हा गिअरसंच घ्यावा की थेट ड्युरा-एस? मागे दोन्हींना 12 चक्रं, ब्रेक दोन्हींचे हायड्रॉलिक, बटनावर गिअर बदलणारा 105 सुद्धा 2022 पासून मिळतो. मग जास्तीचे पैसे कशाचे? तर टायटॅनियम आणि कार्बन लावून वाचवलेल्या साधारण अर्ध्या किलोचे. किंमत दुपटीच्या वर.

ही चर्चा रंगते दत्त चौकात, पोह्यांवर तर्रीची दुसरी वाटी ओतता ओतता. वजन सायकलचं कमी करायचं असतं, स्वाराचं नव्हे. पावसाळ्यात डांबर सोडून एकदा पांदणीत चाक घातलं, की काळी माती तो अर्धा किलो व्याजासकट परत करते. बरं, मोठ्या शर्यतींत 6.8 किलोहून हलकी सायकल चालतच नाही. पण कळंबच्या चिंतामणीपर्यंत जाऊन येणाऱ्याला कोण अडवणार!

आणखी एक गंमत. 105 अजून तारेवरही मिळतो. 12 चक्रांचा ड्युरा-एस मात्र फक्त बॅटरीवर. एका चार्जिंगमध्ये तो शेकडो किलोमीटर जातो, तेव्हा लोडशेडिंगची धास्ती नको. पण तार तुटली तर दारव्ह्यात कुणीतरी पाना घेऊन पुढे येईल. बटन रुसलं, तर चारजण भोवती जमतील आणि त्यातला एखादा हमखास विचारेल, "भाऊ, याले रिचार्ज कोन्तं मारता?"